कॉलवर आवाज तुटून राहिला? गावातल्या नेटवर क्यूओएस लावायची पद्धत, पहिल्यापासून

राजेहो, हा लेख त्यांच्यासाठी आहे ज्यांच्या घरी, दुकानात नाहीतर ऑफिसात नेट तर आहे, स्पीडटेस्ट पण चांगली येते, पण झूम म्हणा, गूगल मीट म्हणा, व्हॉट्सअ‍ॅपचा व्हिडिओ कॉल म्हणा, लागला की पाच मिनिटांत "हॅलो, आवाज येऊन राहिला का, हॅलो" सुरू होते. आमच्या यवतमाळ जिल्ह्यातल्या दारव्हा-दिग्रस पट्ट्यात ही तक्रार सेवा केंद्र चालवणाऱ्या पोरांपासून तर पुण्याच्या कंपनीचं काम गावातून करणाऱ्या पोरीपर्यंत सगळ्यांची आहे, आणि सगळ्यांना पहिला सल्ला एकच मिळतो, मोठा प्लॅन घ्या. ४० चा १०० करा, १०० चा २०० करा. पैसे जातात आणि आवाज तुटायचा तो तुटतोच, कारण बहुतेक ठिकाणी दुखणं स्पीडचं नसते, रांगेचं असते. राउटरमधे आवाजाचं पॅकेट (आवाजाचा छोटा तुकडा) कोणाच्या मागं उभं आहे, याच्यावर सगळं ठरते. ती रांग आपल्या हातात घेणं म्हणजेच क्यूओएस, क्वालिटी ऑफ सर्व्हिस.

हे मी एवढं जीव तोडून लिहून राहिलो त्याचं कारण पण सांगतो. गावात आता कॉल म्हणजे फक्त गप्पा राहिल्या नाहीत. आरोग्य मंत्रालयाची ई-संजीवनी सेवा २०१९ पासून आहे, उपकेंद्रात बसलेली सीएचओ (समुदाय आरोग्य अधिकारी) ताई पेशंटला समोर बसवून तिकडच्या डॉक्टरशी व्हिडिओवर बोलते. तिथं डॉक्टरनं गोळीचा डोस सांगितला आणि नेमका तोच शब्द तुटला तर ते चालण्यासारखं नाही. पोरांचे नोकरीचे इंटरव्ह्यू, ग्रामपंचायतीची व्हीसी (व्हिडिओ कॉन्फरन्स), सगळं याच लाइनवर येऊन ठेपलं आहे.

नेमकं बिघडते काय

कॉलवर आपण बोलतो तो आवाज बारीक तुकडे करून जातो. साधारण २० मिलिसेकंदाचा एक तुकडा, म्हणजे एका सेकंदात ५० पॅकेट. ही पॅकेटं लहान असतात आणि त्यांना जागा फार लागत नाही. जुना जी.७११ कोडेक (आवाज आकड्यांत बदलायची पद्धत) धरला तरी इथरनेटवर एका बाजूनं ८७ केबीपीएसच्या आसपास, आणि व्हॉट्सअ‍ॅप-मीटसारख्या कॉलांत वापरात आलेला ओपस कोडेक तर याहून कितीतरी कमीत चांगला आवाज देतो. म्हणजे २ एमबीपीएसची लाइन पण आवाजाला भरपूर झाली. पण आवाजाला वेळेवर पोचणं लागते. सिनेमा डाउनलोड करताना एखादं पॅकेट हरवलं तर ते परत मागवता येते, दोन सेकंदानं आलं तरी फाइल तशीच बनते. आवाजाचं पॅकेट उशिरा आलं तर ते फेकूनच द्यावं लागते, कारण तोवर समोरचा पुढच्या वाक्यावर गेलेला असतो.

म्हणून तीन आकडे लक्षात ठेवा, पूर्ण लेखात हेच लागतील. पहिला लेटन्सी, म्हणजे पोचायला लागणारा उशीर: आयटीयू या जागतिक दूरसंचार संघटनेच्या जी.११४ शिफारशीप्रमाणं एका बाजूनं १५० मिलिसेकंदाच्या आत असला तर बोलताना जाणवत नाही, ४०० च्या वर गेला तर दोघंही एकाच वेळी बोलायला लागतात. दुसरा जिटर, म्हणजे तो उशीर किती वरखाली होऊन राहिला ते: ३० मिलिसेकंदाच्या आत पाहिजे. तिसरा पॅकेट लॉस: १ टक्क्याच्या आत. मोठ्या ऑफिसांच्या नेटवर्कात पण हेच माप धरतात.

आता हा उशीर येते कुठून? सीसीआयच्या (कापूस महामंडळाच्या) खरेदीच्या दिवसांत जिनिंगसमोर कापसाच्या ट्रॅक्टरची रांग कशी लागते माहीत आहे ना, एकदम रोडपर्यंत, आणि त्या रांगेत मागं एखादा मोटारसायकलवाला अडकला तर त्याला जागा हातभर लागते पण थांबावं सगळ्या ट्रॅक्टरांच्या मागंच लागते. आवाजाचं पॅकेट म्हणजे तो मोटारसायकलवाला. हिशोबच करून पाहा. समजा अपलोड २ एमबीपीएस आहे आणि मोडेमच्या बफरात (पाठवायचा माल थांबायच्या जागेत) ५०० केबी, म्हणजे किलोबाइट, माल मावतो. ५०० केबी म्हणजे ४००० किलोबिट (एका बाइटचे आठ बिट), ते २००० च्या वेगानं रिकामं व्हायला दोन सेकंद लागतात. कोणी मोबाइलवरून लग्नाचा व्हिडिओ ड्राइव्हवर चढवून राहिला की ते बफर भरते, आणि तुमचा शब्द दोन सेकंद मागं पडतो. याला बफरब्लोट म्हणतात, जिम गेटिस यांनी २०१० च्या सुमारास हा विषय जगासमोर आणला.

सगळ्यात आधी मोजा, काहीच बदलू नका

पहिलं काम, एक लॅपटॉप घ्या आणि तो केबलनं थेट राउटरला जोडा. वायफायवर मोजाल तर वायफायचा दोष आणि लाइनचा दोष एकमेकांत मिसळतो आणि मग काहीच समजत नाही. विंडोजमधे कमांड प्रॉम्प्ट उघडा, पिंग लिहा, स्पेस द्या, ८.८.८.८ (गूगलच्या सर्व्हरचा पत्ता) लिहा, परत स्पेस देऊन डॅश टी लिहा आणि एंटर मारा. (हे सगळं टाइप अर्थातच इंग्रजीत करायचं, आकडे पण.) एका मागं एक ओळी येत राहतील आणि प्रत्येक ओळीत टाइम म्हणून मिलिसेकंद दिसतील. लक्षात घ्या, हा जाऊन परत यायचा वेळ आहे, दोन्ही बाजूंचा मिळून.

आता हे चालू ठेवूनच दुसऱ्या मोबाइलवरून एक मोठा व्हिडिओ गूगल ड्राइव्हवर अपलोडला लावा आणि नजर त्या ओळींवर ठेवा. जिथं रांगेचा प्रॉब्लेम असतो तिथं चित्र असं दिसते: आधी २८, ३१, २९, ३० असं निवांत चाललेलं असते, अपलोड सुरू झाला की ९०, मग २४०, मग ५६०, ८७०, मधातच एक रिक्वेस्ट टाइम्ड आउट, मग परत ९१०. अपलोड पॉज करा, दोन-तीन ओळींत परत २९. हे डोळ्यांनी एकदा पाहिलं की माणूस प्लॅन वाढवायच्या गोष्टी बंद करते, कारण लाइन चांगली आहे आणि फक्त भरली की बिघडते, हे समोरच दिसते.

अपलोड न लावता, लाइन रिकामी असतानाच आकडे उड्या मारत असतील किंवा टाइम्ड आउट येत असेल तर गोष्ट वेगळी. तेव्हा पिंग राउटरच्या स्वतःच्या पत्त्यावर लावा, बहुतेक १९२.१६८.१.१ असतो. केबलवर राउटरचं उत्तर १ मिलिसेकंदाच्या आसपासच पाहिजे. तिथंच गडबड असेल तर केबल नाहीतर राउटर खराब. राउटरपर्यंत ठीक आणि पुढं लॉस असेल तर लाइनचा दोष, आणि त्याच्यावर कितीही क्यूओएस लावलं तरी उपयोग नाही, ते आधी दुरुस्त करून घ्या. फायबरच्या डब्ब्याच्या, म्हणजे ओएनटीच्या सेटिंगमधे ऑप्टिकल पॉवर किंवा आरएक्स पॉवर म्हणून एक आकडा असतो. तो उणे २७ डीबीएमच्या (प्रकाशाच्या ताकदीचं माप) जवळ गेला असेल तर सिग्नल काठावर आहे, उणे १५ ते उणे २४-२५ मधे असला म्हणजे बरं. आपल्याकडं फायबर विजेच्या खांबांवरून, बाभळीच्या फांद्यांतून येते, जोडावर पाणी जाते, घरात आणताना खिडकीच्या कोपऱ्यात काटकोनात वाकवून खिळा ठोकलेला असतो. फायबर तशी वाकली की प्रकाश गळतो. लाइनमनला फोन करताना "नेट स्लो आहे" म्हणू नका, "आरएक्स पॉवर उणे अठ्ठावीस दाखवते" म्हणा, तो त्याच दिवशी यायची शक्यता वाढते.

आणखी एक, स्पीडटेस्ट रात्री ८ ते १० मधे करा. दुपारी गाव शेतात असते तेव्हाचा आकडा कामाचा नाही. दोन-तीन संध्याकाळी डाउनलोड आणि अपलोड दोन्ही लिहून ठेवा आणि त्यातला सगळ्यात कमी आकडा धरा. पुढं तोच लागेल.

फुकटात होणारी कामं

क्यूओएसच्या सेटिंगमधे हात घालायच्या आधी अपलोड कोण खाऊन राहिलं ते शोधा, कारण गावातल्या लाइनवर गळा नेहमी अपलोडचाच आवळतो.

सीसीटीव्ही पहिला आरोपी. आता प्रत्येक दुकानात, दूध डेअरीत, शेतातल्या गोठ्यावर पण कॅमेरे आले. कॅमेरा क्लाउडवर रेकॉर्डिंग पाठवत असेल किंवा मालक बाहेरगावाहून मोबाइलवर चारही कॅमेरे उघडून बसला असेल तर मेन स्ट्रीमला (पूर्ण दर्जाच्या चित्राला) एकेका कॅमेऱ्याला २ ते ४ एमबीपीएस आरामात लागतात. डीव्हीआरमधे (कॅमेऱ्याच्या रेकॉर्डिंगच्या डब्ब्यात) मोबाइलवर पाहण्यासाठी सब-स्ट्रीम, म्हणजे हलकं चित्र, ठेवा, ५१२ केबीपीएसच्या आत, आणि रेकॉर्डिंग जागच्या हार्डडिस्कवर होऊ द्या. एवढ्यानं कितीतरी ठिकाणचा आवाज सुधारतो.

दुसरं, मोबाइलचे बॅकअप. गूगल फोटो आणि व्हॉट्सअ‍ॅपचा बॅकअप फोन वायफायवर असला की सुरू होऊ शकतो, घरात पाच फोन असले तर पाचही. व्हॉट्सअ‍ॅपचा बॅकअप ऑटोवर ठेवलाच तर रात्री होऊ द्या. तिसरं लोकांना माहीतच नसते, विंडोजमधे डिलिव्हरी ऑप्टिमायझेशन म्हणून प्रकार आहे, त्यात तुमचा कॉम्प्युटर स्वतः उतरवलेले अपडेट इंटरनेटवरच्या दुसऱ्या कॉम्प्युटरांना वाटत बसू शकते, तुमचा अपलोड वापरून. सेटिंग्ज, विंडोज अपडेट, अ‍ॅडव्हान्स्ड ऑप्शन्स मधे जाऊन ते बंद करा.

मग वायफाय. कॉलवाला कॉम्प्युटर जागेवरून हलत नसेल तर त्याला केबलच टाका, पंधरा-वीस मीटरची कॅट-६ केबल काही महाग पडत नाही आणि याच्यासारखा दुसरा उपाय नाही. केबल जमत नसेल तर ५ गिगाहर्ट्झवर जोडा, पण ते मातीच्या जाड भिंतीतून जात नाही, राउटर त्याच खोलीत पाहिजे. २.४ वरच राहावं लागलं तर चॅनेल १, ६ किंवा ११ यांपैकी जो मोकळा असेल तो हातानं निवडा आणि रुंदी २० मेगाहर्ट्झ ठेवा. टिनाच्या शेडमधे राउटर टिनाला चिकटवून वर टांगायचा नाही, एक तर लोखंडी पत्रा सिग्नल फेकून देते आणि दुसरं म्हणजे मे महिन्यात बाहेर ४५ अंश असते तेव्हा टिनाखाली किती होत असेल ते मी सांगायला नको, राउटर तापला की मधातच रिस्टार्ट होतो आणि कॉल गेला.

आता खरं काम, रांग आपल्या राउटरमधे आणा

इथं थोडं नीट वाचा, कारण नवीन लोकांचं इथंच चुकते. क्यूओएस चालू केलं, कॉलच्या लॅपटॉपला हाय प्रायोरिटी दिली, आणि काही फरक पडला नाही, असं लय ऐकू येते. त्याचं कारण असं की तुमचा राउटर तर गिगाबिटच्या पोर्टानं पुढच्या डब्ब्यात माल ढकलून राहिला, त्याच्याकडं रांग लागतच नाही, रांग लागते पुढं, ओएनटीत नाहीतर डोंगलमधे, जिथं लाइन बारीक होते. आणि तिथल्या रांगेवर तुमच्या प्रायोरिटीचं काही चालत नाही. म्हणून राउटरला मुद्दाम सांगावं लागते की बाबा, खऱ्या स्पीडच्या थोडा खालीच थांब. मग रांग तुमच्या राउटरमधे लागते आणि तिथं कोणाला पुढं सोडायचं हे तुम्ही ठरवता.

आकडा किती टाकायचा? मघाशी जो सगळ्यात कमी आकडा लिहून ठेवला त्याच्या ८५ ते ९० टक्के. संध्याकाळी अपलोड १८ येत असेल तर १६ टाका, डाउनलोड ३८ असेल तर ३३-३४. लोकांना इथं जीवावर येते, चार एमबीपीएस सोडून द्यायचे म्हणून. सोडा. चार एमबीपीएस गेल्याचं कोणाला कळणार पण नाही आणि कॉल मात्र सुधारेल.

हे करायचं कुठं ते तुमच्याकडच्या राउटरवर आहे. नेट देणाऱ्यानं जो डब्बा लावला असतो त्यात बहुतेक वेळा कामाचं क्यूओएस नसते, किंवा असते पण पासवर्ड आपल्याकडं नसतो. तेव्हा त्याच्यामागं आपला एक राउटर लावायचा आणि सगळी उपकरणं आपल्या राउटरवर घ्यायची. ऑपरेटर डब्बा ब्रिज मोडवर (डब्बा फक्त लाइन पुढं देतो, राउटरचं काम करत नाही) करून देत असेल तर उत्तम, नसेल करत तरी बहुतेक कॉल चालतात. मात्र डब्ब्याचा स्वतःचा वायफाय बंद करा, नाहीतर अर्धे फोन तिकडून जोडले जातील आणि त्यांचा माल तुमच्या रांगेत येणारच नाही.

टीपीलिंकच्या आर्चर सारख्या साध्या राउटरात अ‍ॅडव्हान्स्डमधे क्यूओएस असते. ते चालू करा, अपलोड आणि डाउनलोड बँडविड्थच्या चौकटीत आपले ८५ टक्केवाले आकडे टाका, आणि खाली उपकरणांच्या यादीत कॉलवाल्या लॅपटॉपसमोर प्रायोरिटी चालू करा. एकालाच द्या, फार तर दोघांना. सगळ्यांना प्रायोरिटी दिली म्हणजे कोणालाच दिली नाही.

याच्याहून चांगला मार्ग म्हणजे ओपनडब्ल्यूआरटी (राउटरमधे टाकायचं मोफत सॉफ्टवेअर) चालणारा राउटर आणि त्यात एसक्यूएम (रांग आपोआप सांभाळणारी सोय). थोडी मेहनत आहे पण एकदा केलं की कोणाला प्रायोरिटी द्यायची हा प्रश्नच राहत नाही. त्यात केक नावाची रांग लावायची पद्धत आहे, लिनक्सच्या कर्नलमधे ती २०१८ साली ४.१९ व्हर्जनपासून आली. तिच्या आधीची एफक्यू-कोडेल पण चांगली आहे, त्यातल्या कोडेलवर कॅथलीन निकोल्स आणि व्हॅन जेकबसन यांनी २०१२ मधे काम प्रसिद्ध केलं होतं. ह्या दोन्ही पद्धती प्रत्येक कनेक्शनची वेगळी रांग करतात आणि पाळीपाळीनं सोडतात, ज्याचा माल थोडा त्याचा नंबर लगेच लागतो, म्हणून आवाज आपोआप पुढं निघते, आणि जो जास्त माल ढकलून राहिला त्याची पॅकेटं थोडी पाडून त्याला हळू व्हायला लावतात. करायचं असं: सॉफ्टवेअरच्या यादीतून एसक्यूएमचं पॅकेज टाका, नेटवर्क मेन्यूत एसक्यूएम उघडा, इंटरफेस म्हणून वॅन (इंटरनेटकडचं पोर्ट) निवडा, डाउनलोड-अपलोड किलोबिटमधे टाका (१६ एमबीपीएस म्हणजे १६०००, इथं शून्य कमी पडलं की सगळं गाव ठप्प), क्यू डिसिप्लिनमधे केक, स्क्रिप्टमधे पीस ऑफ केक, आणि लिंक लेयरच्या टॅबमधे इथरनेट विथ ओव्हरहेड निवडून ४४ लिहा. फ्लो ऑफलोडिंग चालू असेल तर बंद करा, ते चालू राहिलं तर पॅकेटं रांगेला वळसा घालून निघून जातात.

मायक्रोटिक कंपनीचा राउटर असणाऱ्यांसाठी, त्याच्या राउटरओएस ७ या सॉफ्टवेअरात केक आली आहे, सिंपल क्यू करून त्याचा क्यू टाइप केक ठेवा आणि फायरवॉलमधला फास्टट्रॅकचा नियम बंद करा, कारण तोच, फास्टट्रॅक झालेली पॅकेटं सिंपल क्यूत येत नाहीत. आणि एक ध्यानात असू द्या, हे काम राउटरच्या प्रोसेसरवर पडते, एकदम स्वस्तातला जुना राउटर २०० एमबीपीएसच्या लाइनवर दमतो, मग स्पीडच मार खाते. ४०-५० च्या लाइनला अडचण नाही.

झालं की परत तीच पिंगची टेस्ट, तोच व्हिडिओ अपलोडला लावून. ८७० च्या जागी ३५-४५ दिसायला पाहिजे. अजूनही १५० च्या वर जात असेल तर अपलोडचा आकडा अजून पाच टक्के खाली करा आणि परत पाहा. हे दोन-तीन वेळा करावंच लागते, पहिल्या फटक्यात बरोबर बसत नाही.

पॅकेटवरच्या खुणा, कोणाला लागतात आणि कोणाला नाही

क्यूओएसबद्दल वाचायला गेलं की सगळीकडं डीएससीपी, ईएफ ४६, एएफ ४१ असे शब्द येतात आणि नवीन माणूस घाबरून जाते. समजायला सोपं आहे. प्रत्येक पॅकेटच्या डोक्यावर सहा बिटांची एक जागा असते, तिथं अर्जंट आहे की नाही ते लिहिता येते. आवाजाला ४६, म्हणजे ईएफ. व्हिडिओ कॉलला ३४, म्हणजे एएफ ४१. कॉल लावायच्या-तोडायच्या सिग्नलिंगला बहुतेक २४. काही लिहिलं नसलं म्हणजे शून्य, साधा माल.

घरच्या नेटवर ह्या खुणांचा फायदा आपल्या राउटरपर्यंतच. पुढं इंटरनेटवर त्या खुणेला कोणी बांधील नाही, नेट देणारा ती पुसू पण शकते. म्हणून घरवाल्यांनी याच्यात वेळ घालवू नये, वरचं काम केलं म्हणजे झालं. पण तुमच्याकडं पतसंस्था आहे, तिच्या तालुक्याला चार शाखा आहेत, शाखाशाखांत लीज्ड लाइन (फक्त आपल्यासाठीची भाड्याची लाइन) घेतली आहे आणि आयपी फोन (नेटवर्कवर चालणारे फोन) बसवले आहेत, तर खुणा पाहिजेतच आणि लाइन देणाऱ्याशी करार करताना लिहूनच घ्या की ईएफची खूण तुम्ही पाळाल. आवाजाची प्रायोरिटी रांग लाइनच्या तिसऱ्या हिश्श्याच्या वर नेऊ नका, नाहीतर बाकीचं सगळं उपाशी मरते. हिशोब सोपा आहे, जी.७११ चे दहा कॉल एका वेळी म्हणजे एका बाजूनं साधारण ९०० केबीपीएस. मायक्रोसॉफ्ट टीम्स वापरत असाल तर आवाजासाठी पोर्ट ५०००० ते ५००१९ आणि व्हिडिओसाठी ५००२० ते ५००३९ अशी विभागणी करता येते, विंडोजच्या ग्रुप पॉलिसीत पॉलिसी बेस्ड क्यूओएस मधून त्यांना ४६ आणि ३४ ची खूण लावायची.

वायफायवर डब्ल्यूएमएम (वायफायचं स्वतःचं क्यूओएस) चालू आहे एवढं पाहा, बहुतेक राउटरात असतेच. त्यात आवाज, व्हिडिओ, साधा आणि मागचा असे चार वर्ग असतात. आणि आयपी फोन असतील तर राउटरमधलं सिप एएलजी (आयपी फोनच्या कॉलची पॅकेटं मधात बदलणारी सोय) बंद करून पाहा. एका बाजूचाच आवाज येणं, कॉल ठरावीक वेळानं तुटणं, हे लय वेळा त्याच्यामुळं होते आणि लोक उगाच लाइनला शिव्या देतात.

फायबर नाही, डोंगलवरच आहे, त्यांच्यासाठी

बरीच गावं, वाड्या, पोड (आदिवासी वस्त्या) अजून मोबाइल नेटवरच आहेत. ग्रामपंचायतीपर्यंत भारतनेटची फायबर आली असली तरी घरात आलेली नाही. ४जी-५जी मधे अडचण ही की स्पीड मिनिटामिनिटाला बदलते, आता १२ तर थोड्या वेळानं ३, म्हणून ८५ टक्क्यांचा हिशोब कशाचा करायचा? संध्याकाळचा सगळ्यात पडेल आकडा धरा आणि अपलोड त्याच्या खाली बांधून टाका, डाउनलोड थोडा मोकळा सोडला तरी चालते. त्याआधी डोंगल किंवा राउटर हलवून सिग्नल सुधारा, सेटिंगमधे आरएसआरपी (सिग्नलची ताकद) उणे १०० च्या वर पाहिजे (उणे ९० म्हणजे बरा, उणे ११५ म्हणजे वाईट) आणि एसआयएनआर (सिग्नल गोंगाटाच्या किती वर आहे ते) १० च्या वर. टॉवरच्या दिशेच्या खिडकीत ठेवल्यानं जेवढा फरक पडते तेवढा कोणत्याच सेटिंगनं पडत नाही.

आणि एक गोष्ट नक्की समजून घ्या, मोबाइलवर साधा व्होल्टीई कॉल (४जी वरचा नेहमीचा फोन) स्वच्छ लागते आणि त्याच जागी व्हॉट्सअ‍ॅप कॉल तुटते, असं का? कारण मोबाइल नेटवर्कमधे क्यूओएस आधीच लावलेलं आहे. व्होल्टीईच्या आवाजाला क्यूसीआय १ नावाचा वेगळा रस्ता मिळतो, त्याला ठरावीक बँडविड्थची हमी आणि १०० मिलिसेकंदाचं बंधन असते. व्हॉट्सअ‍ॅपचा आवाज मात्र रील्स आणि डाउनलोडच्या गर्दीतच, साधारण क्यूसीआय ९ मधे जाते. म्हणून टॉवरवर संध्याकाळची गर्दी असताना महत्त्वाचं बोलणं असेल तर सरळ साधा फोन लावा. मीटिंगमधे व्हिडिओ पाहिजेच असेल तर आणि आयोजकानं फोन नंबर दिला असेल तर आवाज फोनवरून घ्या, चित्र नेटवरून. चित्र अडकलं तरी बोलणं थांबत नाही.

अ‍ॅपमधे पण हात फिरवा. झूममधे एचडी व्हिडिओ बंद ठेवा, दोघांच्या कॉलला चांगल्या चित्रासाठी ६०० केबीपीएस पुरते आणि ७२० पी ला १.२ एमबीपीएस लागते, म्हणजे सरळ दुप्पट. स्क्रीन शेअर करताना स्वतःचा कॅमेरा बंद करा.

लाइट गेली तर

हे पुस्तकातल्या क्यूओएसमधे येत नाही पण आपल्याकडं याच्याशिवाय लेख पूर्ण होत नाही. इन्व्हर्टरवर लॅपटॉप चालू राहते आणि कोपऱ्यातला फायबरचा डब्बा बंद पडते, कारण त्याचा प्लग इन्व्हर्टरच्या लाइनवर नसते. आधी तो प्लग बदला. इन्व्हर्टर नसेल तर राउटरसाठी १२ व्होल्टचा छोटा यूपीएस मिळते, घेताना डब्बा आणि राउटर दोघांच्या अडॅप्टरवरचे व्होल्ट आणि अँपिअर वाचा, काही डब्बे ९ व्होल्टचे पण असतात आणि दोघांचे अँपिअर मिळून यूपीएसच्या क्षमतेत बसले पाहिजेत. पावसाळ्याच्या सुरुवातीला वीज कडाडायला लागली की अडॅप्टर आणि लॅनची केबल काढून ठेवा. फायबर स्वतः काच आहे, तिच्यातून करंट येत नाही, जळते ते अडॅप्टर आणि इथरनेटचं पोर्ट.

शेवटी कॉल चालू असतानाच तपासा

पिंग चांगलं आलं तरी खरी तपासणी कॉलमधेच होते. झूमच्या सेटिंगमधे स्टॅटिस्टिक्स आहे, मीटमधे तीन टिंबांच्या मेन्यूत ट्रबलशूटिंग आहे, टीम्समधे कॉल हेल्थ आहे. एक कॉल लावून ठेवा, घरातल्या सगळ्या फोनवर यूट्यूब सुरू करा, एकावर अपलोड लावा, आणि लेटन्सी, जिटर, लॉस हे तिन्ही आकडे पाहा. उपकेंद्रात किंवा शाळेत बसवून देत असाल तर हे त्या ताईंसमोर, गुरुजींसमोर करून दाखवा आणि कुठं पाहायचं ते त्यांना शिकवून ठेवा, आणि राउटरच्या पाठीवर एक कागद चिकटवा: पासवर्ड, अपलोडला किती टाकलं, डाउनलोडला किती टाकलं, तारीख. प्लॅन बदलला, ऑपरेटर बदलला, डब्बा बदलला की हे आकडे परत मोजून टाकावे लागतात. १०० चा प्लॅन घेऊन राउटरमधे जुने ३४ च राहिले तर लोक नवीन लाइनला नावं ठेवत बसतील, आणि उलट लाइन हळू झाली आणि आकडा मोठाच राहिला तर रांग परत त्या पुढच्या डब्ब्यात जाते, आवाज परत तुटायला लागतो.